समोरची जागा

ढगे सर शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले तसं मी हातातलं भांडं बाजूला ठेवलं. मुख्याध्यापक माणूस. खिचडीची चव घ्यायची तर ताटली ऑफिसात मागवतात, स्वतः धुरात येत नाहीत. त्यांनी माझ्या ओल्या हातात एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत सहा नावं होती आणि सहाही माझी होती.

"रत्नमालाबाई, उद्या पडताळणी आहे. जिल्ह्याहून माणूस येणार. तिसरीतल्या एकेका पोराला वाचायला लावणार. ही सहा जणं उद्या घरी राहिली तर बरं."

"घरी? कशापायी सर?"

"तब्येत," सर म्हणाले. "सहा जणांच्या सहा तब्येती. तुम्हीच सांगा घरोघर. तुमचं ऐकतात ते."

ती सहा जणं माझी कशी, ते सांगते. फुलंब्री रोडपासून दोन मैल आत आमचं गाव, आणि गावातल्या सरकारी शाळेत मी खिचडी शिजवते. माझी स्वतःची शाळा दुसरीतच सुटली. लेक शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पुस्तकात डोकं घालून घालून मी तिशीत वाचायला शिकले. ज्याला आयुष्यात उशिरा गूळ मिळतो तो सगळ्यांना वाटत सुटतो, तसं माझं झालं. जूनमध्ये तिसरीच्या सुलेखा मॅडम म्हणत होत्या की सहा पोरांना अक्षरओळख नाही, आता यांचं काय करू. मी म्हटलं, जेवणानंतर अर्धा तास द्या माझ्याकडं. नाहीतरी भांडी निथळेपर्यंत मी बसूनच असते. मॅडम हसल्या, पण त्यांनी पोरं दिली. पुस्तक एकच होतं, गोष्टींचं, मधली चार पानं गेलेलं. ते मी माझ्यापुढं जमिनीवर ठेवायची, आणि पोरं चुलीभोवती बसावीत तशी पुस्तकाभोवती गोल बसायची.

"पण सर, सायली वाचते," मी म्हणाले.

सरांच्या मागून सुलेखा मॅडमचा आवाज आला. "कुठं वाचते मावशी? फळ्यावरचं 'कमळ' वाचता येत नाही तिला. तुमच्याकडं वाचते ते पाठ झालं असणार. एकच तर पुस्तक आहे तुमचं."

सरांनी घड्याळ बघितलं. "हे बघा बाई. गैरहजर मूल मोजत नाहीत. हजर असून अडखळलं की मोजतात. मागच्या वेळी आपण तालुक्यात खालून तिसरे होतो. यंदा अजून खाली गेलो तर मला नोटीस आणि तुमचा तो गोल बंद. मग फक्त खिचडी ढवळायची."

मी चिठ्ठी पदराला बांधली. गोल बंद झाला तर त्या सहा जणांकडं शाळेत कोण बघणार होतं, ते मला माहीत होतं. कुणीच नाही. म्हणून मी निघाले. आपल्याच पोरांना वाचवायला आपणच त्यांना लपवायचं. हिशेब मला पटत नव्हता, पण पाय चालत होते.

शिवमची आई दारात भांडी घासत होती.

"उद्या शिवमला पाठवू नको गं."

"बरं."

"पोट दुखतंय म्हण."

"त्याचं पोट नाय दुखत."

"उद्यापुरतं दुखू दे."

ती हसली. "मागच्या साली सायेब आलता तवा त्याला ताप आलता. सरांनीच निरोप धाडलता. यंदा पोट व्हय? बरं, पोट तर पोट."

कृष्णाचा बाप तर खूशच झाला. "लई बरं झालं बाई. शेळ्याच्या मागं जाईल. उगं तिथं बसून तरी काय करतंय?"

तिसऱ्या घरी आजोबांनी मान हलवली, चौथ्या घरी बहिणीनं "हां हां" केलं, पाचव्या घराला कुलूप होतं म्हणून शेजारणीला सांगितलं. पाचही ठिकाणी कुणी मला का म्हणून विचारलं नाही. भांडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण शाळेला आपलं पोरगं नको आहे याचं त्यांना नवलच नव्हतं. ते मला असं टोचत राहिलं की पायातला काटा बरा.

सायलीचं घर गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडं. आईबाप वाळूजला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. इथं ती आणि आजी भामाबाई. मी गेले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. भामाबाई सुपात तूर निवडत होती.

"ये गं रत्ने. बस. च्या टाकू?"

"नको आत्या. सायली कुठाय?"

सायली आतून धावत आली. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की निरोप मी मागं ठेवला. म्हटलं, आधी एकदा बघून घ्यावं. मॅडम म्हणतात तसं पाठच केलं असेल तर माझंच खोटं, गप निरोप देऊन जाईन. माझ्या पिशवीत गुलमंडीतल्या एका कापडदुकानाची जाहिरात होती, पेपरातून पडलेली. हा कागद काही तिचा पाठ असणार नव्हता.

"हे वाच बरं मला."

सायलीनं कागद दोन्ही हातांत धरला. नीट, सरळ, मॅडमना आवडेल असा. आणि गप्प बसली.

"वाच की."

"ल..." ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "मावशी, हे पुस्तकातलं नाय."

"नाहीच आहे. तरी वाच. अक्षरं तीच असतात."

तिनं ओठ हलवले. डोळे कागदावरून घसरत होते. दुसरंही अक्षर तिला लागलं नाही. म्हणजे मॅडमचं खरं होतं. जूनपासूनचे माझे अर्धे तास, बोट फिरवून फिरवून दुखलेला खांदा, घरी जाऊन लेकाला फोनवर सांगितलेल्या बढाया. सगळं पोपटपंचीवर. मी कागद तिच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसले, कारण तिच्याकडं बघवेना. भामाबाईला निरोप कसा द्यायचा त्याची जुळवाजुळव करत होते.

तेवढ्यात समोरून आवाज आला.

"ल-ग्न-सरा-ई नि-मित्त. मावशी, निमित्त म्हंजी? नऊवारी, स-हा-वारी. दोन साड्यांवर एक ब्ला... ब्लाऊजपीस मोफत."

मी मान वर केली. सायली माझ्यासमोर उकिडवी बसली होती आणि माझ्या मांडीवरच्या कागदाकडं बघत होती. कागद माझ्या बाजूनं सरळ होता. तिच्या बाजूनं उलटा.

मी कागद तिच्याकडं फिरवला. ती गप्प. परत माझ्याकडं फिरवला.

"आमची कु-ठंही शाखा नाही," सायलीनं वाचलं.

मी डोळ्यांपुढं आमचा गोल आणला. मी चुलीच्या बाजूला, पुस्तक माझ्यापुढं सरळ. डावी-उजवीकडं पोरं. आणि माझ्या बरोबर समोर, पहिल्या दिवसापासून, सायली. तिला खोकला होता. चुलीचा धूर लागू नये म्हणून मीच तिला समोर बसवलं होतं. मी डावीकडून उजवीकडं बोट फिरवायची आणि ती तिच्या बाजूनं उजवीकडून डावीकडं वाचायला शिकली. पुस्तक कधी तिच्या हातात दिलंच नाही मी. पानं सुटायची ना.

"सायले, तू कागद फिरवून का नाही घेतलास?"

ती नखानं जमीन उकरायला लागली. "वर्गात एकदा घेतलता. मॅडम म्हणल्या, पुस्तक बी उलटं धरती. सगळी हसली. मला उलटी सायली म्हणत्यात. तवापासून मी सुलटंच धरती."

"आणि वाचतेस कसं?"

"नाय वाचत. नुसतं धरती."

भामाबाईचा हात सुपात थांबला होता. "काय झालं गं रत्ने?"

"काही नाही आत्या. माझंच चुकलंय."

"मावशी," सायली हळूच म्हणाली, "तुमच्या पुस्तकात रेघ खाली असती. अक्षरं रेघंवर उभी राहत्यात. सुलटं धरलं की रेघ वर जाती. मग लटकत्यात सगळी. वाळत घातल्यावानी."

अर्धा तास मी प्रयत्न केला. 'क' सुलटा दाखवला, 'म' दाखवला, जमिनीवर काढला. तिनं दोन अक्षरं ओळखली, तिसऱ्याला पहिलं विसरली आणि डोळ्यांत पाणी आणलं. इतक्या महिन्यांचं उलटं अर्ध्या तासात सुलटं होत नाही.

"कशाला आलतीस? काही निरोप?" भामाबाईनं विचारलं.

चिठ्ठी पदरात होती. मी तिची गाठ चाचपली.

"उद्या हिला वेणी घालून पाठव," मी म्हणाले. "साहेब येणारेत वाचून घ्यायला." मग सायलीला म्हटलं, "साहेबांनी कागद दिला की खुशाल फिरव. कुणी हसलं तर हसू दे."

"साहेब मारतील?"

"छे."

"सर?"

मी पिशवी उचलली. बाकीच्या पाच घरी परत जाऊन "पाठवा हो" म्हणायला हवं होतं. नाही गेले. माझं धाडस एकीपुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी दोन घट्ट वेण्या घातलेली सायली फाटकातून आत आली तेव्हा ढगे सर झेंड्याच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही कशी काय?"

"तब्येत सुधारली," मी म्हणाले.

सर काही बोलणार होते, पण मोटारसायकल आत आली. पडताळणीवाला पोरगाच होता, पंचवीस-सव्वीसचा, सुयश नावाचा. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर सॅक. सर त्यालाही "साहेब, साहेब" करत आत घेऊन गेले आणि जाता जाता मला म्हणाले, "तुम्ही चुलीपाशी."

मी चुलीपाशी गेले, मसूर टाकली, पाणी टाकलं, मीठ टाकलं, मग परत मीठ टाकलं. आच कमी केली आणि पळी हातात घेऊनच तिसरीच्या दारात जाऊन उभी राहिले.

साहेब टेबलापाशी बसले होते आणि एकेका पोराला पुढं बोलवत होते. तेव्हा मला ते दिसलं. कागद नव्हताच. टॅब होता. काचेवर परिच्छेद उमटायचा, पोरगं टॅब हातात धरून वाचायचं, साहेब बटण दाबायचे. मी रात्रीपासून मनातल्या मनात सायलीला कागद फिरवायला लावत होते. टॅब फिरवायची परवानगी असते का, मोडला तर काय, काहीच मला ठाऊक नव्हतं.

पोरं खडाखडा वाचत होती. सुलेखा मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत होत्या. मग साहेबांनी यादीत बोट ठेवलं. "सायली?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

सायली गेली. टॅब दोन्ही हातांत धरला, सरळ. गप्प. साहेब म्हणाले, "वाच बाळा, घाई नाही." तिनं दाराकडं बघितलं. मी पळीनंच खूण केली, फिरव. मागच्या बाकावरून कुणीतरी "उलटी सायली" म्हणालं आणि खसखस पिकली. तिचे कान लाल झाले. तरी तिनं फिरवला.

आणि अक्षरंही फिरली. टॅब उलटा झाला तशी आतली सगळी ओळ न् ओळ गर्रकन फिरून परत सुलटी उभी राहिली. सायली दचकली. तिला वाटलं आपण मोडला. तिनं घाईनं परत फिरवला. अक्षरं परत फिरली. ती फिरवतेय आणि अक्षरं तिच्या पुढं पळतायत. वर्ग हसायला लागला. ढगे सर कसंनुसं हसून म्हणाले, "खेळणं वाटलं तिला, साहेब. हिचं जरा असंच आहे. पुढचं नाव घ्या."

साहेबांचं बोट बटणाकडं गेलं. काचेवर काय काय लिहिलं होतं ते मला दारातून दिसत नव्हतं, पण 'वाचता येत नाही' कुठंतरी असणारच होतं.

सायलीनं टॅब त्यांच्यापुढं टेबलावर ठेवून दिला. आडवा, त्यांच्याकडं तोंड करून, जसं आपण घेतलेली वस्तू माघारी देतो. मान खाली घातली. आणि मान खाली होती म्हणूनच तिची नजर तिथं पडली. टॅब टेबलावर पडून होता, आता अक्षरं फिरली नाहीत. साहेबांच्या बाजूनं सुलटं. तिच्या बाजूनं उलटं. रेघ खाली.

"मीनाकडं एक पांढरी शेळी होती," सायली म्हणाली.

साहेबांचं बोट थांबलं.

"शेळी रोज टेक-डी-वर चरायला जायची. एके दिवशी ती परत आलीच नाही. मीनानं सगळीकडं शोध घे-त-ला." ती थांबली, श्वास घेतला आणि उरलेलं सगळं वाचलं. हळूहळू, पण एकही शब्द न गाळता. वर्गात कुणी हसलं नाही. शिपाई दाराशी आला होता. तो कुजबुजला, "ही तर उजवीकडून वाचती, उर्दूवानी."

साहेबांनी दुसरा परिच्छेद आणला, टॅब आडवाच ठेवून. सायलीनं तोही वाचला. त्यात एक कावळा होता आणि पाऊस होता. मला बाकी काही आठवत नाही.

"कुणी शिकवलं तुला असं?"

सायलीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी पळी पाठीमागं लपवली.

"मी, साहेब. पुस्तक एकच आहे. गोल बसतो आम्ही. ही माझ्यासमोर बसते. तिला उलटं दिसतं, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही. पोरीचा दोष नाही. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

सुलेखा मॅडम खुर्चीवर बसल्या. "मी हिला उलटं पुस्तक धरते म्हणून रागावले होते," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कुणास ठाऊक.

साहेब मात्र माझ्याकडंच बघत होते. "गोल म्हणजे? सगळे मिळून किती जण बसतात?"

"सहा," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर कळलं की काय म्हणून बसले.

त्यांनी यादी बघितली. "बाकीचे पाच कुठायत?"

ढगे सर खिडकीकडं वळले. मला एक शब्द पुरला असता. ताप. पोट. काहीही.

"घरी आहेत," मी म्हणाले. "काल मीच सांगून आले, पाठवू नका म्हणून."

सरांचं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तर खोटं नव्हतं. पण घरोघर पाय माझे गेले होते. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून शिपायाकडं टाकली. "माझी गाडी घे. बाईंना मागं बसव. आणा त्यांना."

साहेब म्हणाले, "मी थांबतो. खिचडी झाली का?"

तेव्हा मला खिचडीची आठवण झाली.

चार सापडले. शिवमच्या आईनं विचारलं, "आता पोट बरं हाय म्हणू का?" पाचवा, कृष्णा, शेळ्या घेऊन टेकडीपलीकडं गेला होता. शिपायानं हाका मारल्या, मी मारल्या. एक शेळी ओरडली, कृष्णा नाही. त्याच्या नावापुढं गैरहजर लागलं आणि ते मी लावलं होतं.

साहेबांनी टॅब जमिनीवर ठेवला. कुणी न सांगता चौघं आपापल्या जागी गोल बसली, सायली समोर. शिवम डावीकडून मान वाकडी करून वाचत गेला. त्याची मान वाकडी ही त्याची खोड आहे, असं मी आजवर समजत होते. दोघांनी परिच्छेद वाचला, एकजण वाक्यावर अडला, एकीला नुसते शब्द आले. साहेबांनी प्रत्येकाचं बटण दाबलं. सायलीच्या नावापुढं ते जरा थांबले, मग शेऱ्याच्या जागी बरंच काही लिहिलं. दाखवलं नाही. निकाल पंधरा दिवसांनी येतो. शाळा खालून कितवी, सरांना नोटीस येते की नाही, गोल राहतो की जातो, ते तेव्हा कळेल. जाताना साहेबांनी करपलेली खिचडी खाल्ली आणि मीठ जास्त आहे असं म्हणाले नाहीत. सरही माझ्याशी काही बोलले नाहीत. रागावले आहेत की लाजले आहेत, मला अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे गोळा झाले. कृष्णानं आल्याआल्या विचारलं, "मावशी, माझी तब्येत बरी झाली का?"

"झाली रे. आता परत बिघडायची नाही," मी म्हणाले. बोलून गेले, पण पुढच्या पडताळणीला चिठ्ठी आली तर काय, ते मनात होतंच.

मी सायलीला हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं. धूर लागू नये म्हणून चुलीच्या तोंडावर पत्रा लावला. ती पुस्तकाकडं बघून गोंधळली. अक्षरं लटकायला लागली होती.

"मावशी, पण मग समोर कोण बसणार?"

पाचही जणांनी एकमेकांकडं बघितलं. पुस्तक एकच. गोल म्हटला की कुणीतरी समोर येणारच.

"मी," मी म्हणाले आणि उठून पलीकडं जाऊन बसले.

पुस्तक त्यांच्याकडं सुलटं, माझ्याकडं उलटं. गोष्ट मला पाठ होती, पण पाठ म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. बोट ठेवलं. रेघ खाली, तिच्यावर काहीतरी उभं होतं. शेपूट होतं का कान होता, कळेना. डोकं गरगरायला लागलं.

"ल?" मी म्हणाले.

"क हाय तो मावशी," सायली हसून म्हणाली. "घाई नाय. वाचा."